कौलात दिलेले मत मागे घेण्याची मुभा सदस्यांना असावी का? असल्यास कधीपर्यंत?

मनस्विनी

नमस्कार मंडळी,

एका मोठ्या सदस्यगटाच्या कौलांची व्यवस्था पाहण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. पुढील चर्चेसाठी विषय कोणता घ्यावा, नियमात बदल करावा की नाही, संपादनाची जबाबदारी कोणाकडे सोपवावी, असे आमचे बहुतेक निर्णय ऑनलाइन कौल घेऊनच होतात. आजवरचा नियम असा की एकदा मत नोंदवले की ते पक्के. ते बदलताही येत नाही आणि काढूनही घेता येत नाही. हा नियम कोणी विचारपूर्वक केलेला नाही. आमच्या प्रणालीत तशी सोयच नव्हती, म्हणून तो चालत आला. नव्या आवृत्तीत मात्र मत बदलू देणे आणि मत मागे घेऊ देणे अशा दोन स्वतंत्र सोयी आल्या आहेत, आणि त्या सुरू करायच्या की नाही हे आता ठरवावे लागणार आहे.

सदस्यांची मागणी समजण्यासारखी आहे. मोबाइलवर पान वर सरकवताना अंगठा एखाद्या पर्यायाला लागतो, त्यापुढचे वर्तुळ भरते, पट्टी किंचित लांबते आणि काही कळायच्या आत मत नोंदले जाते. मग तो सदस्य कौलाखाली लिहितो, 'माझे मत चुकून नको या पर्यायाला गेले आहे, ते हवे असे धरावे.' एका कौलात अशा विनंत्या इतक्या आल्या की पट्ट्यांवरचा निकाल एक आणि विनंत्या जमेस धरून काढलेला निकाल दुसराच, अशी स्थिती झाली. आणि त्यातला खरा कोणता, यावरच पुढची सगळी चर्चा खर्ची पडली.

मत बदलू द्यावे हे मला सहज पटते. मत साफ मागे घेऊ द्यावे हे मात्र तितके पटत नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे. ज्याने मत दिले तो त्या निर्णयात सहभागी झाला. त्याला मध्येच 'मला यातून वगळा' असे म्हणता यावे का? शिवाय नियमबदलाच्या कौलाला आमच्याकडे गणपूर्तीची, म्हणजे किमान ठरावीक सदस्यांनी मत देण्याची, अट आहे. गणपूर्ती झाल्यावर काही जणांनी ठरवून मते काढून घेतली, तर बहुमत असूनही ठराव बारगळेल. उलट, जो सदस्य सगळी चर्चा वाचून 'मला या विषयातले पुरेसे कळत नाही' अशा निष्कर्षाला येतो, त्याचे मत आम्ही धरून ठेवावे, हेही मला न्याय्य वाटत नाही.

ज्यांनी अशा व्यवस्था हाताळल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पायवाट

मनस्विनीताई, आपण या दोन सोयी वेगळ्या धरल्यात हे फार चांगले केलेत, कारण एरवी त्यांची सरमिसळ होते आणि चर्चा भलतीकडे जाते. मत बदलणारा सांगतो की माझा निर्णय आता वेगळा आहे. मत मागे घेणारा सांगतो की माझा निर्णय अजून झालेला नाही. ही दुसरी अवस्था पहिलीइतकीच खरी आहे. जिथे बदल चालतो पण माघार चालत नाही, तिथे अनिश्चित झालेला सदस्य कोणत्या ना कोणत्या पर्यायाखाली अडकून पडतो आणि त्याला नसलेले मत निकालात मोजले जाते. कौलातून सदस्यांचे मन कळावे अशी आपली इच्छा असेल, तर मुदत संपेपर्यंत माघार घेता आली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रूढ रिवाजाचा आधार घ्यायचा म्हटले तर तो कुणाच्याच बाजूने नाही. चर्चामंच चालवण्याच्या प्रणाली पाहा. झेनफोरोमध्ये मत बदलू द्यायचे की नाही हे कौल सुरू करणारा ठरवतो. पीएचपीबीबीतही पुन्हा मत देण्याची मुभा कौलागणिक ठरते, तर मायबीबीमध्ये मत रद्द करण्याची परवानगी सदस्यांच्या वर्गानुसार देता येते. टेलिग्रामवर साध्या कौलातले मत मागे घेता येते, पण प्रश्नमंजूषेतले उत्तर एकदा दिले की दिले. तिथे बरोबर उत्तर लगेच उघड होत असल्यामुळे ते योग्यच आहे. आजच्या एक्सवर, म्हणजे तेव्हाच्या ट्विटरवर, २०१५ मध्ये कौलांची सोय आली, आणि तिथे दिलेले मत फिरवता येत नाही.

माघारीच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा मात्र चुकून लागलेल्या अंगठ्याचा नसून कौलाच्या मजकुरात मागाहून होणाऱ्या दुरुस्त्यांचा आहे. समजा, पर्याय असा होता: 'नवीन सदस्यांना लगेच लेखनाची मुभा द्यावी.' त्याखाली बरीच मते पडली. मग कुणीतरी शंका काढली, म्हणून कौल सुरू करणाऱ्याने सद्हेतूने तेच वाक्य 'नवीन सदस्यांना, प्रशासकांनी तपासणी केल्यानंतर, लगेच लेखनाची मुभा द्यावी' असे केले. आधीची सर्व मते आता या दुसऱ्या वाक्याखाली बसली आहेत. ज्यांनी तपासणी नको म्हणूनच पहिल्या वाक्याला मत दिले होते, त्यांची नावे तपासणीच्या बाजूने मोजली जात आहेत आणि त्यांना तिथून बाहेर पडायला वाट नाही. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगविषयक प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर प्रश्नांना आणि उत्तरांना दिलेले मत ५ मिनिटांनंतर पक्के होते, पण त्या मजकुरात कोणी संपादन केले की ते कुलूप पुन्हा उघडते. जे वाचून मी मत दिले तेच बदलले, तर मतही माझ्या हाती परत आले पाहिजे, हा न्याय तिथे यंत्रातच बसवलेला आहे. मते पडू लागल्यावर पर्यायांचा मजकूर गोठवणे याहूनही चांगले. ते जमत नसेल, तर मजकूर बदलताच आधी मत दिलेल्या प्रत्येकाला सूचना जावी आणि त्याचे मत मोकळे व्हावे.

उत्तरायण

पायवाट यांच्या तत्त्वाशी सहमत आहे. परंतु एक गोष्ट राहून गेली आहे, आणि ती सुटली तर माघारीची सोय कौलाचा पाया पोखरेल असे मला वाटते. कौल चालू असताना त्याचे आकडे कोणाला दिसतात, हा तो प्रश्न. माघार आणि चालू आकडे यांचा निर्णय एकत्रच घ्यावा लागतो.

बहुतेक ठिकाणी मत दिल्यावरच निकाल दिसतो. अशा जागी माघारीची मुभा दिली की मत द्यावे, आकडे पाहावेत, मत काढून घ्यावे आणि कल कुठे झुकतो याची वाट पाहत थांबावे, असा मार्ग तयार होतो. लोकांना आकडे पाहण्याची उत्सुकता किती असते हे एक्सवरच्या कौलांत दिसतेच. तिथे अनेक जण शेवटचा पर्याय म्हणून 'मला फक्त निकाल पाहायचा आहे' असे मुद्दाम ठेवतात, नाहीतर निव्वळ उत्सुकतेपोटी दिलेली मते खऱ्या मतांत मिसळतात. आता यात माघार घाला. तीन पर्यायांच्या कौलात ज्याचा आवडता पर्याय मागे पडला आहे, तो शेवटच्या तासात आपले मत उचलून नावडत्या पर्यायाला हरवू शकेल अशा दुसऱ्या पर्यायावर ठेवील. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. डावपेचाने मत देणे हा मतदाराचा हक्क आहे. पण हा हक्क केवळ शेवटच्या तासात पडद्यासमोर बसू शकणाऱ्यांनाच मिळतो, आणि पहिल्याच दिवशी मन लावून मत देऊन आपल्या कामाला लागलेल्या सदस्याचे वजन त्या मानाने कमी होते. हे मला मान्य नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की निकाल मुदत संपल्यावरच दिसावा, आणि तो सर्वांनाच तेव्हा दिसावा. कौल सुरू करणाऱ्यालासुद्धा आधी दिसू नये. डिस्कोर्स या चर्चामंचाच्या प्रणालीत निकाल नेहमी दाखवावा, मत दिल्यावर दाखवावा, कौल बंद झाल्यावर दाखवावा की फक्त व्यवस्थापकांना दाखवावा, असे पर्याय आहेत. त्यांतला 'बंद झाल्यावर' हा पर्याय निवडला की माघारीवरचे माझे बहुतेक आक्षेप गळून पडतात, कारण ज्याला आकडे माहीत नाहीत त्याची माघार त्याच्या स्वतःच्या विचारातूनच आलेली असते. आकडे हलताना दिसले नाहीत तर लोकांचा उत्साह कमी होतो, हे खरे आहे. हलक्याफुलक्या कौलांत आकडे खुशाल दाखवावेत. नियमबदलासारख्या कौलात तो उत्साह नसला तरी काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट उघड कौलांची, जिथे कोणी कुठे मत दिले ते नावानिशी दिसते. एखादा वजनदार सदस्य कौलाखाली कडक शब्दांत प्रतिसाद लिहितो आणि पुढच्या दिवसभरात एका बाजूची नावे एकामागून एक यादीतून नाहीशी होऊ लागतात. त्यांचे मत पालटले की त्यांनी मान तुकवली, हे बाहेरून कळायला मार्ग नसतो. गुप्त कौलात माघार ही दबावापासून सुटण्याची वाट असते. उघड कौलात तीच माघार दबाव टाकणाऱ्याच्या उपयोगी पडते. तेव्हा उघड कौलात मत बदलू द्यावे आणि माघारही घेऊ द्यावी, पण मूळ नोंद नाहीशी होऊ नये. विकिपीडियावरच्या चर्चांत ज्याचे मत बदलले त्याने जुना मजकूर पुसून टाकू नये, त्यावर आडवी रेघ मारावी, असा संकेत आहे. त्यामुळे नंतर वाचणाऱ्याला आधी काय होते आणि मग काय झाले ते दोन्ही दिसते.

कोवळीक

मला एक शंका आहे. कौल गुप्त असेल, तर कोणाचे कोणते मत काढून टाकायचे हे यंत्राला कसे कळते? ते कळत असेल, तर मग कौल गुप्त कसा?

आकडेमोड

कोवळीक यांची शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण ज्यांना गुप्त कौल म्हणतो ते बहुतेक वेळा फक्त इतर सदस्यांपासून गुप्त असतात. विदागारात, म्हणजे डेटाबेसमध्ये, सदस्याचा क्रमांक आणि त्याने निवडलेल्या पर्यायाचा क्रमांक एकाच ओळीत शेजारी शेजारी ठेवलेले असतात, आणि ज्याला विदागार उघडता येतो त्याला ते वाचताही येतात. एकाच सदस्याने दोनदा मत देऊ नये एवढाच हेतू असेल तर ही जोडी ठेवण्याची गरज नसते. मत देऊन झालेल्यांची एक यादी आणि प्रत्येक पर्यायाची बेरीज, अशा दोन वेगळ्या नोंदी पुरतात. पण मग माघार अशक्य होते, कारण कोणत्या बेरजेतून एक वजा करायचा हेच यंत्राला ठाऊक नसते. पूर्ण गुप्तता आणि माघारीची सोय यांची सांगड साध्या प्रणालीत बसत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे आणि सदस्यांना तसे उघडपणे सांगितलेही पाहिजे.

मधला मार्ग आहे, आणि तो एका देशाच्या निवडणुकांत वापरात आहे. एस्टोनियात २००५ च्या स्थानिक निवडणुकांपासून इंटरनेटवरून मत देता येते. तिथला मतदार ठरलेल्या मुदतीत कितीही वेळा मत देऊ शकतो. शेवटचे तेवढे धरले जाते, आणि त्याने मतदान केंद्रावर जाऊन कागदावर मत दिले तर इंटरनेटवरचे मत बाद होते. हे जमते ते दोन पाकिटांच्या पद्धतीमुळे. आतल्या पाकिटात कूटबद्ध केलेले मत असते आणि बाहेरच्या पाकिटावर मतदाराची डिजिटल सही असते. मुदत चालू असेपर्यंत बाहेरच्या सहीवरून जुने पाकीट ओळखता येते आणि बाजूला काढता येते, पण आतले मत कोणालाच वाचता येत नाही. मोजणीच्या आधी सह्या असलेली बाहेरची पाकिटे वेगळी केली जातात आणि मगच आतली मते उघडली जातात, तेव्हा कोणते मत कोणाचे हे सांगता येत नाही.

या सोयीवर तिथे आक्षेपही आला होता. राष्ट्राध्यक्षांचे म्हणणे असे होते की इंटरनेटवरून मत देणाऱ्यांनाच मत बदलता येणे हे इतर मतदारांवर अन्याय करणारे आहे. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००५ मध्येच न्यायालयाने ही सोय उचलून धरली. घरात किंवा कचेरीत कोणाच्या देखत, कोणाच्या दडपणाखाली दिलेले मत नंतर एकांतात बदलता येणे, हेच मतस्वातंत्र्याचे रक्षण आहे, असा त्यामागचा विचार होता. मत बदलता येते हे एकदा सर्वांना ठाऊक झाले की दबाव टाकणाऱ्यालाही खात्री उरत नाही आणि दबाव टाकण्यात त्याला काही हशील राहत नाही. उत्तरायण यांनी गुप्त कौलाबद्दल जे लिहिले त्याला यातून पुष्टीच मिळते.

आपल्यासारख्यांच्या कौलांना इतकी यंत्रणा लागत नाही. मुदत संपेपर्यंत सदस्य आणि मत यांची जोडी ठेवावी, निकाल लावावा आणि त्यानंतर ती जोडी कायमची पुसून टाकावी, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

एक तांत्रिक सूचना. काही प्रणाली प्रत्येक पर्यायाची तयार बेरीज वेगळी साठवतात आणि माघार घेतल्यावर त्यातून एक वजा करतात. नेटवर्क मंद असले आणि सदस्याने बटण दोनदा दाबले तर कधी दोन वजा होतात. मत गेले पण बेरीज तशीच राहिली, असेही घडते. माघारीची सोय सुरू करायची असेल तर साठवलेल्या बेरजेवर विसंबू नये. कौल बंद होताना मूळ नोंदी नव्याने मोजाव्यात.

मनस्विनी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. निकाल मुदतीनंतरच दाखवण्याचा उत्तरायण यांचा मुद्दा मला पूर्ण पटला. मी आजवर त्याला केवळ मांडणीचा प्रश्न समजत होते. मजकूर गोठवण्याची सूचनाही आम्ही लगेच अमलात आणू.

गणपूर्तीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला दिसत नाही. मत मागे घेतलेल्या सदस्याला उपस्थित धरायचे की अनुपस्थित?

पायवाट

अनुपस्थित धरावे. ज्याला निर्णयात भाग घ्यायचा आहे पण बाजू घ्यायची नाही, त्याच्यासाठी 'तटस्थ' हा वेगळा पर्याय प्रत्येक कौलात असावा आणि तो गणपूर्तीत मोजावा. तो पर्याय समोर असतानाही जो मत काढून घेतो, त्याला आपण नोंदीत नको आहोत हेच सांगायचे असते, आणि त्याचे ऐकले पाहिजे.

ठरवून गणपूर्ती मोडण्याची भीती मला तितकीशी वाटत नाही. ज्यांना गणपूर्ती मोडायची आहे ते आजही मुळात मत न देऊन ती मोडू शकतात. माघारीमुळे त्यांना वेळ साधण्याची संधी तेवढी जास्तीची मिळते, आणि एकूण किती मते पडली हा आकडाही मुदत संपेपर्यंत झाकून ठेवला तर तीही राहत नाही.

उत्तरायण

याबाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. दोष माघारीत नसून गणपूर्तीच्या अटीत आहे, आणि माघारीमुळे तो फक्त उघडा पडतो. सहभागाची किमान अट असली की विरोधकाने दिलेले 'नको'चे मतसुद्धा गणपूर्ती भरायला हातभार लावते आणि ठराव मंजूर व्हायला मदत करते. त्यामुळे विरोध करण्यापेक्षा गैरहजर राहणे त्याच्या फायद्याचे ठरते. इटलीत अस्तित्वात असलेला कायदा रद्द करण्याच्या सार्वमतासाठी निम्म्याहून अधिक मतदारांचा सहभाग लागतो, आणि तिथे विरोधक 'नको म्हणा' ऐवजी 'मतदानाला जाऊच नका' असा प्रचार करतात. जून २०२५ मधील सार्वमते अपुऱ्या मतदानामुळेच निष्फळ ठरली.

मनस्विनीताई, आपण ही अट बदलून 'एकूण सदस्यांपैकी अमुक इतक्यांचा होकार हवा' अशी का करत नाही? मग 'नको'चे मत दिले, न दिले किंवा मागे घेतले तरी होकारांच्या संख्येला धक्का लागत नाही. होकार मागे घेतला तर तो घटतो, आणि तो घटायलाच हवा. अशी अट असेल तर एकूण मतांचा आकडा झाकण्याचीही गरज नाही. पायवाट यांच्या सूचनेत मला हीच अडचण वाटते, कारण किती जणांनी मत दिले हे कळत नसेल तर उरलेल्यांना आठवण कशाच्या आधारे करायची?

मनस्विनी

ही अट मी पुढच्या बैठकीत मांडते. सहभाग कमी राहिला तर किमान होकार मिळवणेच कठीण जाईल अशी हरकत कोणीतरी घेईल असे दिसते, पण त्यावर चर्चा होऊ द्यावी. आणखी एकच विचारते. कौल चालू असताना एखाद्या सदस्याने खातेच बंद केले, तर त्याचे मत मागे घेतले असे समजावे का?

आकडेमोड

मुदतीच्या आत खाते बंद झाले तर होय, त्याचे मत निघाले असे धरावे, कारण होकाराचे प्रमाण एकूण सदस्यसंख्येवर काढायचे ठरले तर तो सदस्य त्या संख्येतूनही वजा होतो आणि त्याचे मत मागे ठेवणे विसंगत ठरेल. मुदतीनंतर बंद झाले तर निकालाला हात लावू नये. प्रशासकांना एखादे खाते बंद करायचे असेल, तर मात्र त्यांनी ते काम कौल संपेपर्यंत थांबवून ठेवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. नाहीतर चालू कौलातले नको असलेले मत काढून टाकायला तोच मार्ग वापरला जाईल.